सपाट माथ्याच्या डोंगरासाठी तालवाद्यांची रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणात गाव गेलं आणि आजोबा सांगली जिल्ह्यात येऊन वसले. मी आठ वादकांचा गट चालवतो. दोन ढोल, ताशा, हलगी, संबळ, दिमडी, पखवाज आणि टाळ-झांज अशी वाद्यं आहेत. आमच्या डोंगरमुलखावर फक्त तालवाद्यांची वीस मिनिटांची रचना करायची आहे. कच्चा आराखडा असा: सुरुवातीला ढोलावर ढगांचा गडगडाट, मग ताशावर पाऊस, धबधबा, जत्रा, आणि शेवटी सगळे मिळून टिपेला. पण वाजवून पाहिलं तर ते कुठल्याही डोंगराचं वाटतं, आमचं वाटत नाही. काय कमी पडतंय?"

तुमचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. वादक तयारीचे आहेत, हात स्वच्छ आहेत, लय कुठे पळत नाही. प्रश्न बांधणीचा आहे. गडगडाट, सरी, धबधबा, जत्रा हे सगळे डोंगरात घडणारे प्रसंग झाले, आणि ते हिमालयातही घडतात, निलगिरीतही घडतात. तुमचा डोंगर वेगळा आहे तो त्याच्या ठेवणीमुळे. मी साताऱ्यात राहून बरीच वर्षं तालवाद्यवृंदासाठी रचना करतो आणि शिकवतो. या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: डोंगराच्या आवाजाची नक्कल करत बसण्यापेक्षा तो ज्या नियमाने उभा आहे तो नियम उचलावा. नक्कल दोन मिनिटांत संपते. नियमावर वीस मिनिटं सहज उभी राहतात.

आधी तुमच्या शेवटाबद्दल बोलू, कारण सगळा आराखडा त्या एका जागेकडे धावतोय. हळूहळू वाढत जाणं, शिखर गाठणं, सगळ्यांनी टिपेला वाजवणं हा टोकदार डोंगराचा आकार झाला. साताऱ्यात उभं राहून चहूकडे बघा. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, पलीकडे चंदन-वंदन, वर पाचगणीचं टेबल लँड. कुणाला टोक आहे? सगळे माथे सपाट. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, वर पोचल्यावर लांबच लांब सडा, म्हणजे सपाट कातळाचा माथा, लागतो, आणि पश्चिमेच्या कड्यावर तो एकदम तुटतो. खाली थेट कोकण.

ही ठेवण कशी झाली तेही समजून घ्या, कारण त्यातूनच तुमच्या रचनेचा आराखडा निघेल. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. दोन लोटांमध्ये मधला काळ गेला, आधीच्या थराचा माथा झिजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लोटाने ती माती भाजून तांबडी केली. म्हणून घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या बाजूकडे पाहिलं की काळ्या पत्थराचे जाडजूड थर आणि मधूनमधून तांबूस मातीचे पातळ पट्टे दिसतात. पत्थराला उभा कडा सुटतो, पट्टा मऊ म्हणून झिजतो आणि तिथे पायरी पडते. सगळ्यात वर, महाबळेश्वर-पाचगणी-कासच्या माथ्यांवर, जांभ्याचं टोपण आहे.

आता हे तालात मांडू. एक थर म्हणजे एका ठेक्याची सोळा आवर्तनं. आठ मात्रांचं आवर्तन, लय मिनिटाला शंभर मात्रा, म्हणजे एका थराला सव्वा मिनिटाहून किंचित जास्त वेळ. त्या सोळा आवर्तनांत कुणीही आवाज वाढवायचा नाही. हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण ढोल गळ्यात आला की हात आपोआप वर जातो. पहिल्या समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, जो जोर, तोच शेवटच्या समेला. सोळा संपले की एकदम थांबा आणि दोन आवर्तनांचा पट्टा सोडा. तिथे जवळजवळ काही नाही. मग नेमक्या समेवर पुढचा थर, आणि त्यात एक वाद्य जास्त. आवाज चढायचा तो वाद्य वाढल्यामुळे, हातातला जोर वाढल्यामुळे नाही. ऐकणाऱ्याला चढ कळतो, तो पायरीने कळतो.

असे सात-आठ थर चढलात की सडा लागेल. इथे बहुतेकांना सगळी वाद्यं घेऊन धुमाकूळ घालावासा वाटतो. कासला पावसाळ्याच्या शेवटी गेला असाल तर आठवा. सगळं पठार रंगलेलं असतं, पण एकेक फूल बघायला गुडघे टेकावे लागतात. कातळावर बोटभर माती, त्यात बोटभर उंचीची झाडं. म्हणजे माथा मोठा आणि त्यावरचं सगळं बारीक. म्हणून सड्यावर आठही वादक वाजवू देत, पण बोटांच्या टोकांनी. दिमडीच्या कडेला नख, ढोलाच्या पानावर (कातड्यावर) फक्त मधलं बोट, हलगीच्या कड्यावर काडीचं टोक, टाळांच्या नुसत्या कडा एकमेकींना लागलेल्या. जोर नाही, पण दाटी पूर्ण. चार-पाच मिनिटं हे टिकवता आलं तर तुमच्या रचनेतला सगळ्यात वेगळा भाग तोच असेल. तिथे आणखी एक गोष्ट करता येईल. टोपली कारवी हे तिथलं झुडूप सात वर्षांतून एकदा सगळीकडे एकदम फुलतं. तुम्ही एक छोटा तुकडा असा बांधा की तो सात आवर्तनांतून एकदाच येईल, सगळ्या वाद्यांवर एकदम येईल, आणि आला तसा निघून जाईल. पुढची सहा आवर्तनं त्याची खूणही नको. ऐकणाऱ्याला मोजदाद कळायची गरज नाही. तिसऱ्यांदा तो तुकडा येतो तेव्हा अंगाला कळतं.

आणि शेवट: सडा चालू असताना, आवर्तनाच्या मध्यावर, तोडा. तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नको, उतार नको. कड्यावर डोंगर जसा संपतो तसं संपवा. तिहाईशिवाय संपवायला आपल्याकडे धीर लागतो, हे मला माहीत आहे. तालमीत वादक कुरकुर करतील. तरी करून बघा.

तुमच्या गावाबद्दल. आराखड्यात जत्रा आहे, पण पाण्याखाली गेलेलं गाव कुठेच नाही. प्रश्न मात्र तुम्ही त्याच वाक्याने सुरू केलात. मला वाटतं रचनेचा जीव तिथे आहे. आजोबांच्या पिढीतलं जे कुणी असेल, सांगलीकडे वसलेलं, रायगड-ठाण्याकडे गेलेलं, त्यांच्याकडे जाऊन बसा आणि एकच गोष्ट विचारा: गावच्या देवाची पालखी निघायची तेव्हा काय वाजायचं? वर्णन विचारू नका, तोंडाने वाजवून दाखवायला सांगा. माणसं तारखा विसरतात, नावं विसरतात, पण ठेका मांडीवर हाताने धरून दाखवतात. एखाद्याचा चार मात्रांचा तुकडा, दुसऱ्याचा दोन मात्रांचा. दोन माणसांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा.

मग तो ठेका पखवाजावर घ्या आणि पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत न थांबता चालू ठेवा. दबलेल्या हाताने. जाड थर चालू असताना तो ऐकूच येणार नाही, ढोल-हलगीखाली बुडून जाईल. पण मधले ते पट्टे, जिथे बाकीचे थांबतात, तिथे तो उघडा पडेल. दोन आवर्तनं ऐकू येईल आणि पुढचा थर आला की पुन्हा जाईल. सात-आठ वेळा असं झालं की ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतं की हा ठेका मध्येच सुरू होत नाहीये, तो सतत चालूच आहे. तुमच्या डोंगरावर आणि तुमच्या गावावर रचना करायची तर हे दोन्ही एकाच बांधणीत बसतात, त्यासाठी वेगळा करुण भाग लिहावा लागत नाही. शेवटी सगळे कड्यावर तुटतात तेव्हा पखवाजानेही तुटायचं की त्याने एखादं आवर्तन पुढे जायचं, हे तुमच्या घरच्यांशी बोलून तुम्ही ठरवा. मी ते सांगू शकत नाही.

कोयनेच्या भूकंपाबद्दलही तुम्ही तळटीपेत विचारलं आहे, तो घ्यावा का म्हणून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का ज्यांनी भोगला त्यांच्यातली माणसं आजही हयात आहेत, आणि पाटण भागाला लहानमोठे धक्के त्यानंतरही बसत आले आहेत. दोन ढोलांवर दणका देऊन भूकंप दाखवला तर तो देखावा होतो, आणि ज्याचं घर पडलं त्याच्यासमोर तो वाजवताना लाज वाटेल. त्या भागातल्या माणसांना विचारलं तर ती फळीवरच्या भांड्यांबद्दल सांगतात. आधी जमिनीतून घरघर, मग मांडणीवरची भांडी थरथरतात. हे करता येतं. एका फळीवर पितळेची ताटं-वाट्या थोड्या सैल रचून फळीचं एक टोक ढोलाच्या खोडाला टेकवून ठेवा. ढोलावर दोन्ही हातांच्या तळव्यांनी अगदी हलका, खर्जातला घुमारा चालू ठेवला की भांडी स्वतःहून बोलायला लागतात, त्यांना कुणी हात लावत नाही. दहा-बारा सेकंद. एकदाच. आणि तेसुद्धा कोयनेकडच्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी ऐकवून, तो हो म्हणाला तरच.

पाऊस. ताशाची तर्री (काड्यांचा सलग कडकडाट) म्हणजे पाऊस हे इतक्या जणांनी केलंय की ऐकणारा ती तर्री येण्याआधीच ओळखतो. आपल्या पावसाची खरी ओळख वेगळी आहे. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला निघालात, साताऱ्याचा परिसर ओलांडून माणदेशात म्हसवडपर्यंत आलात, तर सव्वाशे किलोमीटरच्या आत तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. डोंगर ढग अडवतो, पश्चिमेला रिता करतो आणि पूर्वेला कोरडा वारा सोडतो. हा उतार तालात मांडायला अगदी सोपा आहे. सोळा मात्रांचं आवर्तन घ्या. पश्चिमेच्या टोकाला प्रत्येक मात्रेत चार आघात, म्हणजे चौसष्ट. पूर्वेच्या टोकाला तेवढ्याच सोळा मात्रांत सहा. मधल्या टप्प्यांवर अठ्ठेचाळीस, बत्तीस, वीस, बारा. लय बदलायची नाही, नुसते आघात गळत जातात.

इथे एक खाचखळगा आहे. आघात कमी झाले की आवाजही कमी व्हावा असं वाटतं. तसं करू नका. माणदेशात पाऊस कमी आहे, आवाज कमी नाही. धनगरांच्या गजी नृत्यातला ढोल ज्याने समोर उभं राहून ऐकलाय त्याला हे सांगायला नको. एक थाप पडते आणि पुढची येईपर्यंत पहिली माळावर चालत राहते. तेव्हा पूर्वेकडे जाताना आघात थोडे, पण एकेक भरदार. त्यासाठी तुमच्या दोन ढोलांपैकी एक पथकाचा ढोल काढून त्या जागी धनगरी ढोल घ्या, आणि शक्य असेल तर तो वाजवणारा माणूसही माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडचा घ्या. हात वेगळा असतो. पुण्याच्या पथकात तयार झालेला हात टोल सरळ मारतो. धनगरी ढोल वाजवणारा अख्खं अंग फिरवून थाप टाकतो, त्यामुळे थाप किंचित मागे पडते. तेच मागे पडणं आपल्याला हवं आहे. त्याला मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या यंत्रावर) बसवू नका.

वाद्यांबद्दल आणखी थोडं, कारण डोंगरमुलखात वाद्य आणि हवा वेगळी काढता येत नाहीत. कातडं ओल धरतं. आषाढात कोयनेकाठी हलगी वाजवून बघा, पाच मिनिटांत आवाज बसतो. म्हणून हलगीवाला काटक्यांचा किंवा पेंढ्याचा जाळ करून हलगी शेकतो, बोटाने टिचकी मारून आवाज बघतो, पुन्हा शेकतो. नीट तापली की ती कडाडते, आणि मग हळूहळू उतरत जाते. बंद सभागृहात जाळ करता येणार नाही, विजेच्या शेगडीवर काम भागवावं लागेल. दोन हलग्या ठेवा, एक तापते तेव्हा दुसरी वाजते. पण मला त्याहून आवडणारा मार्ग वेगळा आहे: हलगीचं उतरणं रचनेत घ्या. पश्चिमेकडच्या दाट भागात हलगी तापलेली, कडक. तो भाग जसा चालेल तसा तिचा स्वर आपोआप खाली येतो आणि शेवटी ती ढोलाच्या जवळ येऊन बसते. ऐकणाऱ्याला ओल ऐकू येते. प्लॅस्टिकच्या पानाची हलगी घेतलीत तर ही गोष्ट हातची जाईल. पथकांना फायबरचं पान सोयीचं पडतं, पावसात मिरवणूक काढायची असते, त्यांचं बरोबर आहे. तुमच्या रचनेला मात्र कातडंच हवं.

पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीकही अशीच हवेप्रमाणे वागते. चैत्राच्या उन्हात ती पंधरा मिनिटांत सुकून स्वर वर चढवते. तुमचा पखवाज वीस मिनिटं थांबणार नाही, म्हणून कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल मळा आणि वादकाच्या उजव्या हाताशी ओला फडका ठेवा.

संबळ तुमच्याकडे आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये तो ताशाखाली मेला आहे. ताशा हे फार दांडगं वाद्य आहे, ते सुरू झालं की मधल्या पट्टीतलं दुसरं काही उरत नाही. माझं ऐकाल तर पहिली आठ-नऊ मिनिटं ताशा गप्प बसवा. ताशेवाल्याच्या हातात तोवर झांज द्या. संबळाचं वाकड्या टोकाच्या काडीने निघणारं ते मुरडतं बोलणं मोकळं ऐकू आलं पाहिजे, आणि दिमडीला तर जागा मुद्दाम करून द्यावी लागते.

आता रचनेच्या आतल्या विणीकडे येतो. तुमच्या आराखड्यात सगळे वादक एकच गोष्ट एकत्र वाजवतात किंवा एकजण वाजवतो आणि बाकीचे साथ देतात. तिसरा मार्ग आपल्या डोंगरात घरोघरी होता. जावळी-पाटणच्या बाजूला भात घरी कांडायचे. जमिनीत बसवलेलं एक उखळ, दोन बाया समोरासमोर, दोन मुसळं. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर असतं. तिसरी आली तर तिन्ही एकापाठोपाठ. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. उखळ भरलेलं असताना आवाज दबका येतो आणि भाताचा कोंडा निघत गेला की तोच आवाज कोरडा, टणक होत जातो. कुणाच्या एकटीच्या हातात पूर्ण ताल नसतो. ताल तिघींच्या मध्ये असतो, आणि एकीचा हात चुकला तर दुसरीचं मुसळ तिच्या मुसळावर आदळतं.

हे आठ मात्रांत मांडलं की फार सुंदर गोष्ट घडते. तीन वादक घ्या, ढोल, पखवाजाचा जोडीदार म्हणून दुसरा ढोल, आणि हलगी, आणि प्रत्येकाला पाळीपाळीने एकेक मात्रा द्या:

पहिला: धम् – – धम् – – धम् –
दुसरा: – धप् – – धप् – – धप्
तिसरा: – – टक् – – टक् – –

आठाला तिनाने भाग जात नाही. म्हणून पहिल्या आवर्तनाची सम पहिल्याकडे, दुसऱ्या आवर्तनाची सम तिसऱ्याकडे, तिसऱ्याची दुसऱ्याकडे, आणि चौथ्याला पुन्हा पहिल्याकडे येते. कुणी काही बदलत नाही, प्रत्येकजण आपली पाळी धरून असतो, तरी समेचा रंग दर आवर्तनाला बदलतो: धम्, टक्, धप्. हेच दुगुनीत न्या, म्हणजे आवर्तनात सोळा आघात, तर सम फिरण्याचा क्रम उलटतो: धम्, धप्, टक्. मला ही जागा इतकी आवडते की शिकवताना मी नव्या मुलांना आधी हेच देतो. टाळाने समेवर एक बारीक खूण ठेवली की ऐकणाऱ्यालाही फिरणं कळतं. आणि उखळातला आवाज जसा कोरडा होत जातो तसं तुम्हीही करा: ढोलावर सुरुवातीला पातळ घडी केलेलं फडकं ठेवा आणि दर काही आवर्तनांनी एकेक घडी उलगडा.

तालमीत एक अडचण येईल. आपापली मात्रा वाजवताना वादक मनात "एक दोन तीन" मोजतात, मग आठ मात्रांची सम हरवते. उपाय जुनाच आहे: तिघांनी आधी वाद्य न घेता तोंडाने म्हणायचं, आणि प्रत्येकाने फक्त आपला बोल न म्हणता तिघांचे बोल म्हणत आपल्या मात्रेला टाळी द्यायची. आठवडाभर एवढंच करा. मग वाद्य घ्या.

लिहिण्याचं म्हणाल तर तालांची आवर्तनं आणि विभाग आपल्या नेहमीच्या मात्रालेखनात लिहा, समेला फुली, खालीला (टाळी न देण्याच्या मात्रेला) शून्य, तेवढं पुरतं. पाश्चात्त्य स्वरलेखनात सगळं उतरवायचा हट्ट नको. हलगी आणि धनगरी ढोल वाजवणारे कागद बघून वाजवत नाहीत आणि कागदावर नसलेलं पुष्कळ वाजवतात. त्यांच्यासाठी बोल ध्वनिमुद्रित करून फोनवर पाठवा. कागद फक्त तुमच्यासाठी आणि थरांची मोजदाद ठेवणाऱ्यासाठी असू द्या.

मोकळ्या जागेत प्रयोग करणार असाल तर अंतराचा हिशेब आधी करा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोर कडा १७० मीटरवर असेल तर थाप जाऊन परत यायला एक सेकंद लागतो. लय मिनिटाला साठ ठेवली तर प्रतिध्वनी बरोबर पुढच्या मात्रेवर पडतो आणि कडा तुमच्याबरोबर वाजवायला लागतो. कडा २५५ मीटरवर असेल तर दीड सेकंद. मग लय ऐंशी घ्या, प्रतिध्वनी दोन मात्रांनी येईल. जागेवर जाऊन एक थाप मारा, फोनवर ध्वनिमुद्रण करा, थाप आणि प्रतिध्वनी यांतलं अंतर मोजा आणि त्यावरून लय ठरवा. तुम्ही लिहिलेली लय बदलावी लागली तर बदला, कडा हलणार नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही लागतो. वादक लांब लांब उभे केले तर ते एकत्र वाजवू शकत नाहीत. चाळीस मीटरवरच्या ढोलाचा आवाज पोचायला सेकंदाचा आठवा-नववा भाग लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुनीतला (मात्रेत चार आघात) एक आघात साधारण तेवढाच असतो, म्हणजे लांबचा ढोल नेहमी एक आघात मागे ऐकू येणार, कितीही तालीम करा. म्हणून लांबच्या वादकांना सवाल-जवाब द्या, एकत्रित तुकडा कधीही नको. फ्रान्समध्ये राहिलेले ग्रीक संगीतकार यानिस झेनाकिस यांनी इराणमध्ये पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांत १९६९ साली सहा तालवादकांची रचना सादर केली, तेव्हा वादक श्रोत्यांभोवती उभे होते. त्या मांडणीत आवाज एका वादकाकडून दुसऱ्याकडे फिरत जातो. आपल्याकडे जत्रेत एका बाजूने गावचा ढोल आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या गावचा ढोल येतो तेव्हा हे नेहमीच घडतं. तुमची जत्रा या रूपाने ठेवा: दोन गट, दोन टोकांना, दोघांचे ठेके वेगळे, आणि दोन्ही हळूहळू चालत जवळ येतात. मध्ये बसलेल्याला प्रत्येक पावलागणिक वेगळं मिश्रण ऐकू येईल. जत्रेचा "गजर" वेगळा लिहायची गरज उरणार नाही.

घंटेविषयी तुम्ही विचारलंत, ती "आपली" वाटेल का. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतली ही एक. कृष्णेकाठी ती इतकी वर्षं आहे की आता ती तिथलीच. मुलखाचा आवाज म्हणजे फक्त तिथे घडलेल्या वस्तूचा आवाज, असं मी मानत नाही. त्याच न्यायाने चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्याही सोडू नका. तीन पात्यांची चक्की मिनिटाला वीस फेरे घेत असेल तर खाली उभ्या माणसाला सेकंदाला एक फटकारा ऐकू येतो. सड्यावरच्या त्या बारीक भागाखाली ढोलाच्या पानावरून सेकंदाला एकदा तळवा घासलात तर आजचा माथा उभा राहतो. पन्नास वर्षांपूर्वीचा डोंगर दाखवायचा असेल तर तो काढा. पण निर्णय घेऊन काढा.

देवाच्या ठेक्यांविषयी मात्र माझं मत कडक आहे. काही ठेके अंगात येण्याशी बांधलेले आहेत. ते देवळासमोर, ठरावीक वेळी, ठरावीक माणसांच्या हातून वाजतात. रंगमंचावर ते वाजले आणि श्रोत्यांतल्या एखाद्या बाईच्या अंगात आलं तर तुम्ही काय करणार? संबळ वाजवणाऱ्या गोंधळी घराण्याला विचारा, कुठला ठेका मंचावर चालेल आणि कुठला नाही. नाही म्हणाले तर तो विषय तिथे संपला. पालखीच्या ठेक्याबाबतही हेच: तुमच्या गावचा असला तरी तो वाजवण्याचा मान कुणाकडे होता हे शोधा, आणि त्या घरातलं कुणी भेटलं तर पखवाजाच्या शेजारी त्यांनाच बसवा.

शेवटचा मुद्दा पैशाचा आणि नावाचा. हलगी, संबळ, दिमडी, धनगरी ढोल ही कला ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांना गावगाड्यात वाजवण्याबद्दल भाकरी मिळाली, मान क्वचित मिळाला. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर "रचना" या शब्दाखाली तुमचं एकट्याचं नाव आलं आणि ज्याच्याकडून ठेका घेतला तो "सहवादक" या ओळीत गेला, तर ते बरोबर होणार नाही. ठेका कुणाकडून आला ते त्याच्या पूर्ण नावानिशी आणि गावानिशी छापा. तालमींचेही पैसे द्या, फक्त प्रयोगाचे नकोत. माण-आटपाडीहून येणाऱ्या माणसाचा एका तालमीपायी अख्खा दिवस जातो. ध्वनिमुद्रण विकणार असाल तर त्याच्या वाट्याचं आधीच कागदावर ठरवा. आणि तालमी मार्गशीर्षात सुरू करून चैत्रापर्यंत रचना उभी करा. तेव्हा कातडी कोरडी असतात, सुगी बऱ्यापैकी उरकलेली असते, आणि यात्रांचा हंगाम पुढे असल्याने वाजवणाऱ्यांचे हात तयार असतात. फक्त तारखा घेताना त्यांच्या गावच्या यात्रेची तारीख आधी विचारून घ्या. त्या दिवशी ते येणार नाहीत, आणि त्यांनी येऊही नये.